हो बाई

दिवाळीची सुट्टी संपून आठवडा झाला होता आणि कळसच्या नदीकाठाला थंडीने चांगलाच जम बसवला होता. मेथीच्या वाफ्यात दव इतकं, की मूठभर मेथी उपटली तरी कोपरापर्यंत हात ओला व्हायचा. शालन म्हस्के उजाडायच्या आधीच वाफ्यात उकिडवी बसली होती. डोक्याला मफलर, अंगात नवऱ्याचा कारखान्यातला जुना खाकी स्वेटर, बोटांच्या पेरांना चिरा पडलेल्या. मेथी उपटायची, मुळांची माती झटकायची, गड्डी जुळवायची, दोऱ्याचे दोन वेढे द्यायचे. चारी बाजूंनी बारा-बारा मजल्यांच्या सोसायट्या उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांच्या मधोमध म्हस्क्यांचा हा अर्धा एकर, पंगतीत चुकून बसलेल्या पाहुण्यासारखा, अजून तग धरून होता.

शालनने दोरा असा करकचून ओढला की गड्डीची कंबरच मोडली.

"अगं हळू," शेजारच्या वाफ्यातून रतन म्हणाला. "मेथी हाय ती. चोर न्हाय."

"एकोणीस," शालन म्हणाली.

"काय एकोणीस?"

"एकतीसातल्या एकोणीस पोरांनी पस्तीस लिहिलंय. बेचाळीसातून सतरा गेले, उरले किती, तर म्हणे पस्तीस!"

रतनने हातातली गड्डी खाली ठेवली आणि आभाळाकडे बघितलं. त्याचे ओठ हलले.

"तुम्हीसुद्धा?" शालन म्हणाली.

"पंचवीस," तो शांतपणे म्हणाला. "खडकीच्या कारखान्यात तीस वर्सं मला काय शोभेला ठिवलाय का? पर पस्तीस कुठनं आणलं पोरांनी?"

"दोनातून सात जात नाहीत ना. मग उलटं केलं. सातातून दोन काढले, लिहिले पाच. वर चारातून एक काढला, लिहिले तीन. झालं यांचं!" बोलताना तिच्या तोंडातून वाफ निघत होती. "दोन महिने शिकवलंय हो मी. घसा बसेस्तोवर. रोज विचारायची, कळलं का? रोज सगळी म्हणायची, हो बाई."

"मंजी खोटं बोलत्यात."

"माझी पोरं खोटं बोलत नाहीत," शालन एकदम तुटून पडली. रतनने पुन्हा मेथीत डोकं घातलं. तिच्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत बायकोच्या वर्गाला नाव ठेवून कुणी सुखाने चहा प्यायल्याचं त्याला आठवत नव्हतं.

शाळा विश्रांतवाडीच्या आतल्या गल्लीत होती. महापालिकेची, दोन मजली, पुढे एक कडुनिंब. शालन शाळेत पोहोचली तेव्हा मुख्याध्यापकांनी बोलावल्याचा निरोप टेबलावर वाट बघत होता.

मुख्याध्यापक संजय वडके मूळचे कसबा पेठेतले. घरात पिढ्यान्‌पिढ्या तांब्याची भांडी ठोकायचा धंदा. सरांनी भांडी सोडली आणि माणसं घेतली, असं शाळेत सगळे म्हणत, अर्थात सर ऐकायला नसताना.

"या म्हस्के बाई, बसा. उभं राहून ऐकलंत तरी चालेल, थोडंच आहे." त्यांनी चाचणीचा कागद तिच्याकडे सरकवला. "तिसरी अ मध्ये वजाबाकीला चुकले सहा. तिसरी ब मध्ये एकोणीस. मध्ये भिंत एकच आहे. पाऊस काय एकाच बाजूला पडतो आपल्याकडे?"

"सर, मी शिकवलंय."

"शिकवलंयत, हे मला ऐकू येतं. खाली ऑफिसापर्यंत येतं. शिकलीयत का, एवढाच प्रश्न आहे." सरांनी चष्मा पुसला. "पंधरा डिसेंबरच्या आठवड्यात पर्यवेक्षिका मोहोळकर मॅडम तुमचा पाठ बघायला येतील. त्यावर ठरेल. पाठ बरा झाला तर उत्तम. नाहीतर एक जानेवारीपासून तुमची ब गजभिये मॅडमकडे आणि त्यांची अ तुमच्याकडे."

शालनने कागदावरचा एकोणीस हा आकडा पुन्हा पाहिला.

"अ ची पोरं शिकलेली आहेत," सर म्हणाले. "तुमच्या हातून आता बिघडायची नाहीत."

ती जिना चढून वर आली तेव्हा तिचे गुडघे दुखत होते. ते मेथीने की या बोलण्याने, हे तिला कळलं नाही. या शाळेत रीत अशी, की पहिलीला ज्या बाईंच्या हाती पोरं लागतात त्याच बाई त्यांना चौथीपर्यंत नेतात. ब ची एकतीस पोरं तिने पहिलीपासून धरून आणली होती. कुणाचा कुठला दात कधी पडला, कोण सकाळी उपाशी येतं, कुणाच्या घरी बाप दारूच्या पायी भांडतो, हे सगळं तिला ठाऊक होतं. मुक्ताई तर पहिलीत आली तेव्हा तीन आठवडे तिच्या पदराला धरून रडत होती. बाप परभणीकडचा, बांधकामावर वॉचमन. आता तीच मुक्ताई वर्गात सगळ्यात मोठ्या आवाजात 'हो बाई' म्हणायची. शेवटच्या बाकावरून यायचं, पण खणखणीत. ही पोरं जानेवारीत भिंतीपलीकडे जाणार आणि आपण रोज त्यांचे आवाज ऐकत बसणार, ही कल्पनाच शालनला सहन होईना.

मग शालनने तेच केलं, जे साहेब येणार म्हटल्यावर कुणीही करतं. तिने पाठ बसवला.

गॅदरिंगचा नाच बसवतात तसा. पस्तीस मिनिटांचा पाठ, प्रश्न ठरलेले, कोणत्या प्रश्नाला कोण उभं राहणार ते ठरलेलं. आईने मंडईतून त्रेपन्न संत्री आणली, सव्वीस नासली, राहिली किती? आधी शंभूने हात वर करायचा, मग श्रद्धाने फळ्यावर यायचं. रोज मधल्या सुट्टीनंतर तालीम. चौथ्या दिवशी पोरांच्या अंगी पाठ इतका मुरला, की शालनने फळ्यावर संत्र्याचं चित्र काढायला खडू उचलला तोच शंभू उभा राहिला.

"सत्तावीस राहिली, बाई!"

"अरे, अजून नासली कुठायत शंभू?"

"सव्वीस नासली बाई. नंतर नासणारायत."

दारात फिस्सकन हसू फुटलं. खडूची पेटी मागायला आलेली प्रियदर्शनी गजभिये पदराने तोंड दाबून उभी होती. शालनच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. जिच्या हाती आपला वर्ग जाणार तिच्याच समोर हे व्हावं! तिने पेटी पुढे केली आणि दार लोटून घेतलं.

प्रियदर्शनी भंडाऱ्याची, सव्वीस वर्षांची, खडकी स्टेशनजवळ खोली घेऊन राहायची. शालन जितकी वर्षं शिकवत होती तितकं तिचं वय. दुपारी पोरं खिचडीच्या रांगेत असताना ती पायऱ्यांवर शालनच्या शेजारी येऊन बसली.

"बाई, राग नका मानू. हसायला नको होतं मी."

"हसण्यासारखंच होतं," शालन तोडून म्हणाली.

"तुमच्या वर्गात मागं येऊन बसू का एकदा?"

"नको."

हा नकार प्रियदर्शनीला अपेक्षितच असावा. शाळेत असं कुणी कुणाच्या वर्गात बसत नसे. स्टाफरूममध्ये डबे एकमेकींचे खायचे, पोरीबाळींच्या लग्नाचं सगळं बोलायचं, पण दुसरीच्या वर्गात पाऊल टाकायचं नाही. शेजारणीच्या चुलीपाशी जाऊन तिच्या आमटीचं मीठ चाखावं, तसंच ते.

"मग फोन ठेवा टेबलावर, रेकॉर्डिंग लावून," प्रियदर्शनी म्हणाली. "अन् घरी जाऊन एकटीनं ऐका. कोणाला सांगू नका. मी पहिल्यांदा माझा पाठ ऐकला ना बाई, पस्तीस मिनिटांत एकशे बारा वेळा 'ओके' म्हटलं होतं मी. एकशे बारा! त्या दिवशी जेवण नाही गेलं मला."

शालनने डब्याचं झाकण लावलं. पण दुसऱ्या दिवशी, तालीम नव्हे तर नेहमीचा गणिताचा तास घेताना, तिने फोन डस्टरच्या मागे उभा करून ठेवला.

ऐकायची वेळ आली ती संध्याकाळी ओसरीवर. सकाळच्या विक्रीसाठी कोथिंबिरीच्या गड्ड्या बांधायच्या होत्या, म्हणून रतन आणि कॉलेजातून आलेली लेक अक्षता, दोघंही मांडी घालून बसले होते. एकटीनं ऐकायचं ठरलं होतं खरं, पण म्हस्क्यांच्या घरात एकटं असं काही व्हायचंच नाही. अक्षताने फोन आईच्या हातातून घेऊन भाजीच्या पाटीवर ठेवला आणि आवाज मोठा केला.

"दोनातून सात जात ना…" फोनमधली शालन म्हणाली.

"हीत!" एकतीस आवाज.

"मग आपण दशकाच्या घरी जा…"

"तो!"

"तिथून एक दशक आ…"

"णतो!"

"आता झाले बारा. बारातून सात गेले, उरले पा…"

"च!"

"कळलं का सगळ्यांना?"

"हो बाई!"

सगळ्यात वरचा आवाज मुक्ताईचा. शालनला आधी बरंच वाटलं. वर्ग कसा डुलत होता, एका सुरात! तिने रतनकडे बघितलं. रतनचे हात थांबले होते आणि तो जमिनीकडे बघत कान देऊन ऐकत होता. दहा मिनिटं गेली. पंधरा गेली.

"बोला की," शालन म्हणाली.

"मला काय कळतंय त्यातलं."

"बोला म्हणते ना."

"न्हाई, मंजी…" रतनने मान खाजवली. "इचारतीस बी तूच आन् सांगतीस बी तूच. पोरं नुसती शेपूट धरत्यात. म्हैस तूच ओढतीस."

अक्षता खो खो हसली. "पप्पा, सुपर! मम्मी, खरंच, तू पॉजच घेत नाहीस. एक सेकंदसुद्धा नाही. क्वेश्चन संपायच्या आत आन्सर सुरू. त्यांना विचार करायला टाइम कुठेय?"

"पोरं उत्तरं देतात की!"

"उत्तर न्हवं ते," रतन हळूच म्हणाला. "'पा' म्हणल्यावर 'च' तर मी बी म्हणंन. झोपेत."

शालनने फोन बंद केला.  तिने गड्ड्या बांधल्या, पाटीत रचल्या, वर ओलं पोतं टाकलं. मग चुलीपाशी गेली, ताटं घेतली आणि जेवण निम्म्यावर आल्यावर नेहमीसारखी रतनला म्हणाली, "भाकरी अजून एक वा…"

"ढ," रतन म्हणाला.

अक्षताने तोंडावर हात दाबला. शालन भाकरी हातात धरून तशीच उभी राहिली आणि मग तिला रडूही आलं आणि हसूही. सव्वीस वर्षं! किती पोरं हातून गेली असतील, सगळी शेपूट धरून. तिला लाज वाटली. साहेबाने बोललेल्या शब्दाची वाटते तसली नव्हे, आत खोल कुठेतरी वाटते तसली.

दुसऱ्या दिवशी तिने ठरवलं, वाक्य पुरं करायचं आणि तोंड मिटायचं.

बोलायला सोपं होतं. "बारातून सात गेले तर किती उरले?" एवढं म्हणून तिने ओठ घट्ट मिटले. वर्ग तिच्याकडे बघत राहिला. कुणी काही बोलेना. पाठीमागे हात धरून ती अंगठ्याने एकेक बोट मोजत होती. पाच बोटं मोजून होईपर्यंत तिच्या कपाळावर घाम आला. नोव्हेंबरच्या थंडीत! पोरांना वाटलं, बाईंना बरं नाही. श्रद्धाने पाण्याची बाटली आणून टेबलावर ठेवली. सहाव्या बोटाला शालनचा धीर सुटला आणि "पा…" तोंडातून निसटलंच. वर्गाने सुटकेचा श्वास टाकून "च" म्हटलं.

आठवडाभर असंच चाललं. शेवटी एका दुपारी ती आपणहून भिंतीपलीकडे गेली आणि तिसरी अ च्या दारात उभी राहिली.

"बसू का मागं?"

प्रियदर्शनीने नुसती मान हलवली. पण तिचा चेहरा उजळला होता. शालन पोरांच्या बाकावर कशीबशी मावली, गुडघे हनुवटीला लागले. वर्गात गोंगाट होता, तिच्या वर्गासारखा एक सूर नव्हता. प्रियदर्शनीने गणित विचारलं आणि खिडकीपाशी जाऊन बाहेर कडुनिंबाकडे बघत राहिली. बराच वेळ. एका मुलाने चुकीचं उत्तर दिलं. ती 'चूक' म्हणाली नाही. "कसं केलंस, सांग," म्हणाली. सांगता सांगता तो मध्येच थांबला, डोकं खाजवलं आणि "नाही, थांबा," म्हणून पुन्हा पाटीवर वाकला. शालन त्या मुलाकडे बघत राहिली. तो विचार करताना दिसत होता. असा विचार करणारा चेहरा आपण आपल्या वर्गात शेवटचा कधी पाहिला, हे तिला आठवेना.

त्यानंतर एक दिवसाआड प्रियदर्शनी तिच्या वर्गात मागे बसू लागली. बसायची, ऐकायची आणि नंतर पायऱ्यांवर एखादीच गोष्ट सांगायची.

"बाई, आज तुम्ही थांबलात. पण तुमच्या भुवया नाही थांबल्या."

"भुवया?"

"उत्तर बरोबर येत असलं की तुमच्या भुवया वर जातात. शंभू फळ्याकडे बघतच नाही, तुमच्या भुवयांकडे बघतो. पंधरा म्हणतो, भुवया नाही गेल्या, मग लगेच पंचवीस म्हणतो."

शालनने कपाळाला हात लावला. "आता भुवया कुठं बांधून ठेवू गं?"

"खिडकीकडे बघत जा. मी उगाच नाही बघत."

घरी रतनने आपणहून एक काम काढलं. गेल्या सालच्या तुरकाठ्या गोठ्यामागे रचून ठेवल्या होत्या. त्यांच्या बारीक फांद्या कोयत्याने बोटभर लांबीच्या तोडून, टोकं दगडावर घासून, त्याने आठशे काड्या केल्या. कारखान्यातून आल्यावर रोज संध्याकाळी तासभर हेच. दहा-दहाच्या जुड्या करून रबर लावले.

"हातात येऊ दे पोरांच्या," तो म्हणाला. "धा मंजी काय ते बोटाला कळू दे. जुडी सोडल्याबिगर सुट्ट्या काड्या मिळत न्हाईत, हे काय फळ्यावर सांगायची गोष्ट हाय का?"

त्याच्या हाताला सहा ठिकाणी सालपटं निघाली होती. शालनने खोबरेल तेल लावून दिलं. तिला फार बरं वाटलं.

सतरा डिसेंबरला मोहोळकर मॅडम येणार असं कळलं. सोळा तारखेला वडके सरांनी शालनला जिन्यात गाठलं.

"संत्र्यांचा पाठ तयार आहे ना?"

"आहे सर. पण मी वेगळा घ्यायचा म्हणते. काड्यांचा. बसवलेला नाही."

सर दोन पायऱ्या खाली आले. त्यांच्या आवाजात आज धार नव्हती. "बाई, मोडलेलं भांडं उद्या दाखवायचं नसतं. संत्र्यांचा घ्या. पोरांना पाठ आहे, बिनबोभाट होईल, वर्ग तुमचा तुमच्याकडे राहील. नंतर वर्षभर काय प्रयोग करायचे ते करा. मी काय तुमचा वैरी आहे का?"

वैरी नव्हतेच ते. तिलाही ते पटलं, आणि पटल्यामुळेच रात्री जेवण गोड लागलं नाही. एका बाजूला एकतीस पोरं. संत्री नासवली की पोरं राहणार. काड्या काढल्या तर काय होईल सांगता येत नव्हतं.

सतरा तारखेला दहा वाजता मागच्या बाकाशेजारी दोन खुर्च्या टाकल्या गेल्या. मोहोळकर मॅडम पन्नाशीच्या, बारीक, मांडीवर निरीक्षणाचा कागद. शेजारी वडके सर. पोरं नवे गणवेश घालून, केसांना तेल लावून ताठ बसली होती. शंभूचा हात तर आत्ताच अर्धा वर आला होता. शालनने फळ्याकडे तोंड केलं, संत्र्याचा गोल काढायला खडू टेकवला आणि तिला ऐकू आलं, मागे एकतीस पोरांनी श्वास आत ओढला, ठरलेली उत्तरं देण्यासाठी.

तिने खडू खाली ठेवला.

"शंभू, हात खाली घे. आज संत्री नाहीत. गटात बसा सगळे."

वडके सरांनी डोळे मिटून घेतल्याचं तिने पाहिलं. तिने पिशवी उघडली, काड्यांच्या जुड्या वाटल्या आणि फळ्यावर लिहिलं, त्रेसष्टातून अठ्ठावीस. मग प्रश्न पुरा विचारला आणि खिडकीकडे तोंड केलं.

शांतता पसरली. बाहेर भाजीवाली वेणूबाई गल्लीत ओरडत गेली, तिचा आवाज लांब लांब जाऊन विरला. शालनचा अंगठा बोटांवरून फिरत होता. पाच. सहा. 'तीनातून आठ जात ना' हे तिच्या जिभेच्या टोकावर येऊन बसलं होतं. एवढं म्हटलं असतं तर सगळा वर्ग 'हीत' म्हणून गर्जला असता आणि मागच्या दोन खुर्च्या खूश झाल्या असत्या. सात. आठ. वडके सर खाकरले. नऊ.

"बाई."

शेवटच्या बाकावर मुक्ताई उभी होती. हातात काड्यांची जुडी, रबर न काढलेला. मोहोळकर मॅडमच्या अगदी शेजारी.

"बोल मुक्ताई."

"मला न्हाई कळलं बाई."

वडके सरांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. साहेबांसमोर असं कुणी म्हणत नाही. शाळेतल्या भिंतींनाही ते ठाऊक असतं. पण मुक्ताईचा शब्द बाहेर पडला आणि जणू दार उघडलं. "मला पण नाही," कुणीतरी म्हणालं. मग आणखी एक. मग तिघं एकदम. शालनने मोजले. सात.

तिला वाटलं होतं पायाखालची जमीन जाईल. गेली नाही. तिला पोरांना कवेत घ्यावंसं वाटलं.

"शाब्बास," ती म्हणाली. "बरं झालं सांगितलंत. सातही जण इकडे या."

ती जमिनीवर त्यांच्यात बसली. सहा जुड्या, तीन सुट्ट्या काड्या. आठ द्यायच्या कुठून? ती विचारून थांबली. मुक्ताईने हातातल्या जुडीकडे बघितलं, बाईंकडे बघितलं. भुवया हलल्या नाहीत. मग तिने हळूच रबर ओढला. दहा काड्या फरशीवर पसरल्या. मुक्ताई एकेक मोजू लागली आणि मध्येच तिच्या तोंडून "आं?" असा आवाज निघाला. घंटा झाली तेव्हा सातातल्या तिघांना पस्तीस मिळाले होते, मुक्ताई तीसवर अडली होती आणि पाठ अर्धाच झाला होता.

मोहोळकर मॅडम उठल्या. जाता जाता मुक्ताईपाशी वाकल्या.

"बाळा, हे कधीपासून कळत नव्हतं तुला?"

मुक्ताईने विचार केला. "पहिलीपासनं. दशक मंजी काय, तेच कळलं न्हवतं."

"मग बाईंना सांगितलं का नाहीस?"

"बाई इचारायच्या, कळलं का. आन् सगळी हो म्हणायची, मंग मी बी मोठ्यानं म्हणायची." तिने शालनकडे बघितलं, तक्रार नव्हती त्यात, जसं होतं तसं सांगत होती. "आज बाई थांबल्या."

शालन अजून खालीच बसलेली होती. तिने मुक्ताईचा हात धरला. "चुकलं बाळा माझं," ती म्हणाली, दोन साहेबांच्या देखत.

"असू द्या बाई," मुक्ताई म्हणाली आणि राहिलेल्या काड्या मोजायला लागली.

वऱ्हांड्यात वडके सरांनी घसा साफ केला. "मॅडम, पाठ अपूर्ण राहिला, हे खरं आहे. मग एक जानेवारीपासून तुकडी…"

"तुकडी आहे तिथेच राहू दे," मोहोळकर मॅडम कागदावर लिहीत म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात मी पुन्हा येते. हाच पाठ बघायला."

सर जिन्यापर्यंत गेले आणि परतले. मग दारातून आत डोकावून शालनला म्हणाले, "बाई, चहा मागवलाय. या खाली. बसून घ्या आज."

संध्याकाळी रतन कारखान्यातून आला तेव्हा शालन मेथीच्या वाफ्यात होती. अंगावर शाळेचीच साडी, पदर खोचलेला, ऊन उतरलेलं. तो चपला काढून तिच्या शेजारी उकिडवा बसला. तिचे डोळे लाल होते. 

"गेला वर्ग?"

"नाही. माझाच आहे."

"मंग?" त्याने तिच्या हातातली मेथी घेतली. "मंग रडतीस कशाला येडे?"

"सात पोरांना येत नाही."

"येईल की. आठशे काड्या हायत."

"तसं नव्हे हो," शालन म्हणाली. मातीचे हात तिने तसेच डोळ्यांना लावले. "अडीच वर्षं येत नव्हतं त्यांना. आणि मी रोज विचारत होते."